ओकबुन मावशीची हाक

धुक्यात बसथांब्यावर उभी असलेली मिंग्योंग शेजारच्या दोघांचं बोलणं ऐकत होती. सोलचा पाहुणा गावातल्या कोळ्यापाशी तणतणत होता.

“काय बाई आहे ही मासळीवाली! सरळ बाहीच धरते. ‘या हो दादा, माकुळ ताजं आहे!’ अशानं कोण फिरकणार या किनाऱ्यावर?”

“ओकबुन मावशी ना? माझीही बाही धरली तिनं. भर समुद्रात.”

“म्हणजे?”

“परवा असंच धुकं होतं. होकायंत्र बिघडलेलं, स्वतःचा हातही दिसेना. तेवढ्यात कानावर आलं, ‘या हो दादा, माकुळ ताजं आहे!’ त्या हाकेच्या रोखानं होडी आणली.”

“बापरे! पण आत्ता तर रस्त्यावर चिटपाखरू नाही. कुणासाठी घसा ताणतेय?”

“एक होडी यायचीय अजून.”

बस आली, थांबली आणि रिकामीच गेली; तिघंही मावशीच्या हाकेकडे निघाले होते.