भावाच्या नावावर

(पोहण्याच्या तलावाचा काठ. धाकटा पाण्यात, थोरला आणि त्याची बायको वर उभे.)

वहिनी : भाऊजी, आता तुम्हीच समजवा यांना. कंपनीच्या डॉक्टरांचा फोन आला. ईसीजी चांगला नाही, आजच्या आज घेऊन या म्हणाले. आणि हे सकाळपासून हसतायत. वाटेत शीळ घालत होते.

थोरला : हसू नको तर काय करू? मी ठणठणीत आहे. सांगतो, पण चिडायचं नाही.

वहिनी : चिडलेलीच आहे. सांगा.

थोरला : गेल्या आठवड्यात कंपनीची तपासणी झाली ना, तिला मी गेलोच नव्हतो. माझ्या जागी हा गेला होता.

वहिनी : कोण, भाऊजी?

थोरला : जुळे असण्याचा आयुष्यात एवढाच काय तो फायदा. माझं बीपी वर निघालं असतं तर क्रेनवरून उतरवून स्टोअरमध्ये बसवलं असतं मला. हा इथे पोहायला शिकवतो, रोज तलावात फेऱ्या मारतो, अंगावर चरबी नाही. म्हटलं, जा बाबा, माझ्या नावाने दंड दाखवून ये.

धाकटा : वहिनी, मी नकोच म्हणत होतो.

थोरला : खोटं बोलू नकोस. माझं कार्ड गळ्यात अडकवून मिरवत गेलास. या वयात काय तब्येत ठेवलीय म्हणाली नर्स, हे तूच मला दहादा ऐकवलंस.

वहिनी : धन्य आहे तुमची. म्हणजे तो ईसीजी तुमचा नाही?

थोरला : नाहीच मुळी. सकाळी तू फोन ठेवून रडायला लागलीस तेव्हा मीही घाबरलो होतो. मग एकदम आठवलं, अरे, आपण तिथे गेलोच नव्हतो की. इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू.

वहिनी : मग तो आहे कुणाचा?

थोरला : कुणाचा म्हणजे? ह्याचा.

वहिनी : मग हसताय काय?

धाकटा : माझा.

थोरला : थांब. थांब जरा. तू आधी वर ये. हात दे.

धाकटा : मशीन बिघडलं असेल रे. मला काय होणार?

वहिनी : भाऊजी, स्वतःची तपासणी शेवटची कधी केलीत?

धाकटा : मला कशाला लागते तपासणी?

वहिनी : छातीत दुखतं का कधी?

धाकटा : छातीत नाही.

थोरला : मग कुठे?

धाकटा : डाव्या खांद्यात ओढ लागते. शेवटच्या फेऱ्यांना. थांबलं की जाते. म्हटलं, पोहणाऱ्याचा खांदा, दुखणारच.

थोरला : आणि मला बोलला नाहीस.

धाकटा : तुझं रोज सकाळी डोकं ठणकतं, ते तू वहिनींना सांगतोस?

वहिनी : कुणाचं डोकं ठणकतं?

थोरला : ते नंतर.

वहिनी : नंतर नाही, आजच. दोघंही ऐका. वेळेवर लक्षात आलंय म्हणाले डॉक्टर. आज आलात तर पुढच्या तपासण्या लगेच करू, उपाय आहेत म्हणाले. अहो, केवढी चांगली बातमी आहे ही. सापडलं नसतं तर भाऊजी असेच फेऱ्या मारत राहिले असते.

थोरला : म्हणजे मी ह्याला पाठवला म्हणून...

वहिनी : शेखी मिरवू नका. लबाडी केलीत, ती फळली, एवढंच.

थोरला : कबूल. डॉक्टरांना सगळं खरं सांगतो. आणि म्हणतो, आता माझंही बघा.

धाकटा : क्रेन जाईल तुझी.

थोरला : जाऊ दे. एका आईच्या पोटातून एकदम आलो आपण. तुझ्यात जे निघालं ते माझ्यात नसेल कशावरून? वर केबिनमध्ये मी एकटा असतो, पण खाली माणसं काम करत असतात.

वहिनी : हेच मी इतकी वर्षं सांगत होते. चला, दोघं येताय म्हणून कळवते मी. भाऊजी, संध्याकाळचा वर्ग बंद. गेटवर सांगून येते.

धाकटा : दादा.

थोरला : आज एकदम दादा?

धाकटा : मला भीती वाटतेय.

थोरला : मलाही वाटतेय. चल, आधी अंग पूस.