मागची पावलं

हृदयतपासणीच्या खोलीबाहेर माझ्या शेजारी एक आजोबा बसले होते. त्यांची बायको घाईघाईनं आली आणि त्यांना चिकटून बसली.

"छातीत दुखतंय का हो?"

"छे. नुसता दम लागला. जुन्या मधुमेहात दुखणं कळतच नाही म्हणतात, म्हणून तपासून घेतोय."

"आणि ती पावलं?"

"आजही मागे होती."

"तुमचीच आहेत ती! साखरेनं तळवे बधिर झालेत. पाय टेकलेला जाणवत नाही, नुसता ऐकू येतो."

"मीही तेच धरून चालत होतो. पण आज दम लागून बागेच्या फाटकाशी थांबलो, तर ती थांबली नाहीत. मला ओलांडून आपल्या गल्लीत वळली."

"काहीतरीच!"

"उद्यापासून फिरणं बंद. हृदयासाठी माशाच्या तेलाच्या कॅप्सूल आहेतच."

"नुसत्या कॅप्सूल गिळून भागत नाही. आजची घेतलीत तेवढं मात्र बरं केलंत."

"मी? कधी?"

"फिरून आलात तेव्हा. मी न्हाणीघरात होते, दार वाजलेलं ऐकलं. बाहेर येऊन बघते तर तुमच्यासाठी कॅप्सूल काढून ठेवलेली वाटी रिकामी. मला वाटलं, घेऊन परत बाहेर पडलात."

"अगं, मी घरी आलोच नाही. फाटकापासून थेट इथे आलो आणि तुला फोन केला."

बायकोनं पिशवीतली घराची किल्ली चाचपून पाहिली.

"निघताना कुलूप लावलंस ना?"

"लावलं की."

"म्हणजे अजून आतच असेल."

"तपासणी झाली की आपण जरा फिरू या."

"मला दम लागतो गं."

"लागू दे. हळूहळू फिरू."