डोळ्यांची सरासरी

१९९४ चा मार्च. पेणच्या एसटी स्टँडवर मी रोह्याच्या गाडीच्या रांगेत होतो. माझ्यापुढे हमरापूरचं, गणपती बनवणारं एक जोडपं होतं. नवऱ्याच्या हातात जड पिशवी.

"लग्नाचे पैसे एवढे जड कसे गो? सगळी चिल्लर भरलीस काय?"

"नीट धरा. आपटू नका."

"प्रवीण रोह्याला वाट बघत असेल. शेअरात घालून सरासरी पंधरा टक्के देतो बोललाय."

"दरवर्षी पंधरा?"

"दरवर्षी नाय. एका वर्षी पन्नास वर, एका वर्षी वीस खाली. सरासरी पंधरा."

"आपल्या प्रतीक्षाचं लग्न पुढच्या वैशाखात हाय. ते वर्ष वरचं की खालचं?"

"ते त्याला पण नाय ठाऊक. सरासरी मात्र नक्की हाय. माझा सख्खा भाचा, खोटं कशाला बोलेल?"

"खोटं नाय बोलत तो. गेल्या साली जनू भावजींनी एका गणपतीचे डोळे आखले, आठवतंय?"

"व्हय. एक बोटभर वर गेला, एक बोटभर खाली."

"आणि सरासरी?"

"सरासरी जागेवर."

"नेला कोणी?"

"कोण नेणार? माळ्यावर बसलाय."

"माळ्यावर नाय."

"मग?"

"तुमच्या हातात हाय."

"आणि पैसे?"

"घरी. तांदळाच्या डब्यात."

"मग प्रवीणला काय सांगू?"

"काय नका सांगू. गणपती द्या. चतुर्थीला घरात हाच बसव म्हणावं, सरासरी बरोबर हाय."