पोटात रेघ असलेला सात

नाही, तो डबा खाली ठेवा बाई. आधी ठेवा, मग बोलू. त्यावर काय लिहिलंय ते मला वाचून दाखवू नका, ताशी ऐंशी मैल, माहितेय मला, छापणाऱ्याच्या बापाचं काय जातंय. ती रिमोटवरची गाडी विमानतळावर पळवायला बरी. आमचा ट्रॅक आहे मागच्या बटाट्याच्या गोदामात — सगळ्यात लांब सरळ पट्टा इथून समोरच्या चर्चच्या पाटीपर्यंत, आणि लगेच वळण. ऐंशीनं तुम्ही भिंतीत जाल. गेल्या शनिवारी एक दातांचे डॉक्टर आले होते, असलंच काहीतरी घेऊन. तिसऱ्या उडीला गाडीचे पुढची चाकं धरणारे दोन्ही हात मोडले, आणि वर माझ्याच अंगावर, म्हणे तुमच्या उड्या चुकीच्या आहेत. आता उडी कशी चुकीची असेल, मातीचा ढीग आहे तो. पण नाही, आपलं चुकलं असं म्हणायला कुणाची जीभ रेटत नाही.

चारही चाकं ओढणारी बग्गी हवी म्हणता, हे मात्र शहाणपणाचं बोललात. दोनच चाकं ओढणारी घेतली असतीत तर पहिले दोन महिने नुसतं गोल गोल फिरत राहिला असतात. ही घ्या, ही साधी. मोटर सगळ्यात मऊ घ्या, कमी जोराची — हो, मऊच, तुम्हाला जिंकायचं नाहीये, तुम्हाला पाच मिनिटं चाकांवर राहायचंय. बांधायची कशी? पुस्तकात लिहिलंय तशी. इथं रोज कुणीतरी येतो, कुठल्या तरी विजेत्याच्या गाडीची मापं छापून आणतो आणि म्हणतो, मला डिट्टो अशी करून द्या. अरे, त्याचे हात कुठून छापून आणणार? गाडीचं पोट जमिनीपासून दीड बोट वर, बास. मोटरच्या चाकाचे दाते दुसऱ्या दात्यांना भिडवताना मधे कागदाची पट्टी घालायची, आवळायचं, पट्टी ओढून काढायची — तेवढी फट हवी. एवढं केलंत तरी तुम्ही त्या दातवाल्याच्या पुढं.

आणि डिफ. डिफ म्हणजे ही, मुठीएवढी डबी, आत दाते आणि दाट तेल. अशा तीन असतात, पुढं, मधे, मागं. वळताना आतलं चाक हळू, बाहेरचं जोरात फिरावं म्हणून. ही उलटी बसवू नका. हसू नका, बसते उलटी, अगदी चपखल बसते. इथं होता एक माणूस, वीस वर्षं गाड्या बांधणारा. ऑक्टोबरातली शेवटची शर्यत, घाईघाईत पुढची डबी उघडली, तेल बदललं, आणि बसवली ती उलट्या तोंडानं. भोंगा वाजला, नऊ गाड्या गेल्या, याची जागेवर. पुढची चाकं म्हणतात मागं चल, मागची म्हणतात पुढं चल, आणि गाडी मधे नुसती थरथरतेय. सगळं गोदाम हसलं. हसू दे. पण याचा सख्खा भाऊ, थोरला — तो त्या शर्यतीत नव्हता, याची गाडी रेषेवर मांडायला आला होता — तो सगळ्यात आधी हसला आणि सगळ्यात शेवटी थांबला. आदल्या दिवशी त्यानंच बजावलं होतं, बसवल्यावर हातानं चाक फिरवून बघ. ऐकलं नाही म्हणून हसला. मग या माणसानं रिमोट पेटीत टाकला आणि निघून गेला. कुणीही गेला असता. तुम्ही गेला असतात.

नाही, जायचं नसतं. हे तुम्हाला तेलापेक्षा आधी सांगायला हवं होतं. आपली शर्यत झाली की पुढच्या शर्यतीला मैदानात उभं राहायचं. ठरलेली जागा असते, नंबर लिहिलेला असतो. कुणाची गाडी उलटली की पळत जायचं, सरळ करायची, बाजूला व्हायचं. मार्शल म्हणतात. हरलात, रडताय, गाडीचे तुकडे हातात आहेत — तरी उभं राहायचं, कारण तुमची गाडी कुणीतरी सरळ केलेली असते. जो उभा राहत नाही त्याला मी पुन्हा दारात उभा करत नाही, मग तो कुणी का असेना. तर त्या दिवशी याची जागा रिकामी, म्हणून तिथं भाऊ जाऊन उभा राहिला. घरची लाज राखायला. कुणी सांगितलं होतं? कुणी विनवण्या केल्या होत्या? तिहेरी उडीवरून चार किलोची बग्गी आली ती थेट त्याच्या घोट्यावर. छपरं घालायचं काम करायचा तो. त्यानंतर शिडी चढला नाही. आणि दोष कुणाचा? जो हसला त्याचा नाही, जो निघून गेला त्याचा. असं आहे आमच्याकडं.

काय? कुठला कागद? दाखवा इकडं. पुढं सात हजार, मधे पाच, मागं तीन. हं. तेलाच्या दाटपणाचे नंबर. बरोबर आहेत. नवशिक्यासाठी याहून चांगलं मीही सांगितलं नसतं, आणि त्याचाच राग येतो — कुणी दिलं लिहून? इंटरनेटवरून उतरवलं. बाई, इंटरनेट सातच्या पोटात आडवी रेघ मारतं का? ही रेघ आमचा आजा नॉर्वेहून घेऊन आला. आमच्या बापानं छडी घेऊन शिकवली. या अख्ख्या काउंटीत सातच्या पोटात रेघ मारणारी दोनच माणसं उरलीत, त्यातला एक मी — तो माझा सात बघा मागं फळ्यावर, शनिवारी सात वाजता, दिसतेय रेघ?

दुसरा माझा थोरला भाऊ. हॅलवरनं पाठवलंय तुम्हाला.

म्हणजे मघापासून मी आपला 'एक माणूस, एक माणूस' करतोय, आणि तुम्हाला माहीत होतं तो माणूस म्हणजे मीच. ऐकून घेतलंत गुपचूप. छान. काय लागता तुम्ही त्याच्या? ... कधी? ... जूनमधे. आणि कोण कोण होतं लग्नाला? नाही, ऐकू द्या ना. तुमची बहीण, शेजारचे पीटरसन, आणि त्याच्या बोलिंगच्या टोळीतले सगळे. बोलिंगवाले चालतात. मी इथून अकरा मैलांवर राहतो, माझा नंबर बदललेला नाही, माझं दार कुणी हलवलेलं नाही, आणि मला साधं एक कार्ड नाही. मी तरी चार वर्षांत फोन केला का? हे तुम्ही म्हणाला नाहीत, तुमचा चेहरा म्हणाला. नाही केला. ज्यानं आधी हसायचं त्यानं आधी फोन करायचा.

आणि ही गाडी कुणाला? खरंच तुम्ही चालवणार? मग तो का नाही? ... हो. पायऱ्या. चालवणाऱ्यांच्या मचाणाला सहा पायऱ्या आहेत, माहितेय मला, मीच ठोकल्यात. कठडा लावायचा राहिलाय.

आता कुठं आहे तो? बाहेर म्हणजे कुठं बाहेर? तो हिरवा ट्रक? तो नारिंगी टोपीवाला हॅलवर आहे? किती जाड झालाय. बघा, इंजिन चालू ठेवून बसलाय, हीटर लावून. चार वर्षांनी माझ्या दारात यायचं आणि बायकोला आत पाठवायचं, वर बायकोच्या हातात कागद द्यायचा, जसं काही मला तेलाचे नंबर माहीतच नाहीत. हसताना लाज वाटली नाही, आता आत यायला वाटते? त्याला जाऊन सांगा, मर्ल म्हणाला, त्या दिवशी तिथं उभं राहायला तुला कुणी सांगितलं नव्हतं. माझी जागा रिकामी राहिली असती तर राहिली असती. तेव्हाच्या नियमानं मला दंड झाला असता, दोन आठवडे बंदी, संपलं. तुला मोठेपणा करायचा होता. सांगा त्याला.

थांबा, काय? घरी नेहमी काय म्हणतो तो? पुन्हा सांगा.

मी तेव्हा घरी पोचलो होतो? असं म्हणतो? 'मर्ल तेव्हा घरी पोचला असेल, त्याला बिचाऱ्याला कसं कळणार' — बिचाऱ्याला? हे लोकांनाही सांगतो? तुमच्या बहिणीला, बोलिंगवाल्यांना? कुणी मला शिव्या घातल्या की हेच सांगतो?

कसला घरी. बाई, मी तिथं होतो. तिथंच, आता त्याचा ट्रक आहे ना, त्याच्याच बाजूला. पेट्या गाडीत भरत होतो. गोदामाचं दार उघडं होतं. कर्ण्यावर म्हणाले, शर्यत थांबवा, आणि मग तो ओरडला. मला ओळखायला काही अवघड गेलं नाही. मी नऊ वर्षांचा असताना तो गोठ्याच्या माळ्यावरून खाली पडला होता, तेव्हा असाच ओरडला होता, आणि तेव्हा मी अनवाणी धावत गेलो होतो. या वेळी मी उभा राहिलो, ऐकलं, आणि मनात म्हणालो, आता हस. हेच म्हणालो. आणि किल्ली फिरवली. घरी येऊन जेवलो. तो हसला म्हणून मी बोलत नाही असं चार वर्षं सांगत सुटलोय, आणि तो तिकडं लोकांना सांगतोय की मर्ल घरी पोचला होता.

नाही, तुम्ही काही बोलू नका. आणि त्यालाही सांगू नका. म्हणजे, तुम्ही सांगू नका. माझं जाकीट कुठं गेलं. ते डबे तसेच राहू द्या, गाडीचं नंतर बघू. तुम्ही इथं बसा, त्या स्टुलावर, आणि कुणी आलं तर दुकान बंद आहे म्हणा. नाही वहिनी, तुम्ही बाहेर यायचं नाही. तुम्ही सोबत असलात की तो हसून सोडून देईल. बसा म्हणतो ना.