पाडलेल्याला हात

अलाबामातल्या कॉलेजच्या मैदानाबाहेर, उकडलेल्या शेंगांच्या गाडीपाशी अर्नेस्टीन बॉयकिन रांगेत उभी होती. तिच्या पुढे टोप्या घातलेले दोघे होते. अमेरिकन फुटबॉलच्या मोठ्या संघाच्या ड्राफ्टसाठी, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीसाठी, मुलं पारखायला आलेले.

"अडवून पाडणाऱ्या लाइनबॅकरांत तो बॉयकिन कसा वाटला, वेंडल?"

"पोरगं वाघ आहे रे! चेंडू घेऊन येणारा कुठून घुसणार, ते याला आधीच कळतं."

"मग घोडं कुठं अडलंय?"

"आडवा करतो, आणि लगेच हात देऊन उठवत बसतो! तोवर समोरचे पुढचा डाव सुरूही करतात."

"कोच मोडेल की ती सवय."

"आईनं लावलेली दिसतेय. कोचच्या बापाला मोडायची नाही."

"म्हणजे नाव कापायचं?"

"वेडा का काय? असलं पोरगं कुणी सोडतं होय! पण हाताचं काय करावं, ते काही सुचेना."

अर्नेस्टीननं तिथंच फोन लावला.

"टवेरियस, बाळा, पाडलेल्याला हात देतोस ना? देत राहा. फक्त जरा भरभर दे."

पुढच्या दोन्ही टोप्या गर्रकन मागे वळल्या. वेंडलनं आपली काढून हातात घेतली.

"या बाई, शेंगा आधी तुम्ही घ्या."