रविवार मोकळा ठेव

धुळ्यातल्या ट्रॅव्हल ऑफिसात शिल्पा आपल्या तिकिटाची वाट पाहत बसली होती. पुढच्या खुर्च्यांवर, एजंटच्या टेबलासमोर, शिंदखेड्याचं एक वयस्क जोडपं होतं, ठेवणीतले कपडे घालून आलेलं.

"नाना, मुलगा लंडनलाच राहतो म्हणता, मग आठ दिवस हॉटेल कशाला?"

"त्याच्या घराचं काम काढलंय. धूळ फार."

"कसानं काम? मागला महिनामा तं वास्तुशांत व्हयनी. फोनवर बठ्ठं घर दखाडं ना त्यानी!"

"कोकिळा, तू जरा गप बस. साहेब, हॉटेल स्वच्छ बघा. गाईड हिंदी बोलणारा द्या. रोज सकाळी फिरायला न्यायचं, संध्याकाळी आणून सोडायचं. एकही दिवस मोकळा नको."

"रविवार मोकळा ठेव भाऊ. आमना कुंदनले सुट्टी ऱ्हास."

"रविवारी राजवाडा बघू आपण."

"राजवाडाले काय करू? त्यानाकरता कळण्यानी भाकरनं पीठ बांधेल शे मी."

"हॉटेलच्या खोलीत स्वयंपाक चालत नाही, अक्का."

इतका वेळ शिल्पा मोबाईल बघत असल्यासारखं करत होती. आता तिला तेही जमेना.

"बरं, भेटाले कोनी उनं तं खोलीमा सोडतस ना?"

"आधी नाव आणि नातं लिहून कळवलं तर सोडतात. कोण येणार आहे?"

नानांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग खालच्या आवाजात म्हणाले,

"कुंदन लिहा. नातं नका लिहू."