सखूबाईचा आखाडा

जुन्या नावांना हसू नका, मला एका नावानं वाचवलंय.

बिलोलीकडच्या एका गावात मी शेतांची नावं आणि आखाडे, म्हणजे शेतातले गोठे, नोंदवत होतो. दाखवायला गावातले मारुतीकाका होते. एका ठिकाणी म्हणाले, "ह्यो सखूबाईचा आखाडा."

"सखूबाई कुठायत?"

"ती जाऊन लई वर्सं झाली. शेत बी दोनदा इकलं."

मग मी ते नाव खोडलं आणि सातबाऱ्यावरच्या मालकाचं लिहिलं.

दुसऱ्या दिवशी एकटाच तिथं मोजमाप घेत होतो, तर कडब्यातल्या विंचवानं हाताला नांगी मारली. काकांना फोन लावून मालकाचं नाव सांगितलं.

"त्याचे चार आखाडे हायत. कोणता?"

गट नंबर सांगितला.

"नंबर तलाठ्याला सांगा सायब, मला नाव सांगा."

"सखूबाईचा, काका."

"मंग तसं म्हणा की."

दहा मिनिटांत मोटारसायकल आली आणि काकांनी मला थेट दवाखान्यात नेलं.

हात बरा झाल्यावर आधी ते खोडलेलं नाव परत लिहिलं. तोवर गावात त्याला 'सायबाला इच्चू चावलेला आखाडा' म्हणायला लागले होते.

"ह्ये बी लिव्हा," काका म्हणाले.

लिहिलं. पण सखूबाईच्या खाली.